स्मरण शाबूत, स्वभाव पालटलेला



आमचे धाकटे बंधु येथेच सोलापुरात सुताच्या पेढीवर ३० वर्षे दिवाणजी होते. ५५ व्या वर्षी त्यांचे वर्तन पालटले. प्रेतयात्रेत हसावे, परक्याच्या ताटातील जिलबी उचलावी, पत्नी तापाने फणफणली तरी ढुंकून पाहू नये! हिशेबाचे आकडे मात्र तोंडपाठ. मग आजार म्हणावा तरी कसा? आम्ही त्यांस निर्लज्ज म्हटले, एकदा चारचौघांत हातही उगारला. शिक्षकाचा हात तो, त्यास सवय होती.

पुढे मेंदूचे चित्र काढले तेव्हा उलगडा झाला. कपाळामागील व कानशिलांकडील मेंदू या व्याधीत झिजतो. विवेक, दया, वाणी ढासळतात, स्मरण मात्र आरंभी बहुधा टिकते. प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली अशा झिजेचा रोगी वर्णिला. बहुतेकांस ती ४५ ते ६५ या वयात जडते. ती थांबविणारे औषध अद्यापि नाही. अल्झायमरच्या गोळ्यांनी काहींचा त्रास उलट वाढतो.

तेव्हा उपाय घरचेच. वाद घालणे आम्ही सोडले. गोडाचा डबा कुलपात गेला, बँकेच्या खात्यावर भावजयीची सही आली. रोज सिद्धेश्वर तळ्याकाठी एकाच वाटेने फेरी. दुपारी भावजयीस दोन घटका निजता यावे म्हणून आम्ही त्यांच्यापाशी बसतो.

ज्ञातीच्या पंगतीचे निमंत्रण गतवर्षी त्यांच्या घरी गेले नाही. यंदा जावे. कोपऱ्यातील पाट द्यावा, शेजारी आम्ही बसू. जिलबी तेवढी मोजून वाढावी.