चंद्रावर जाताना घालायचे काय?

(गेल्या कोजागिरीला मंडळात केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "दरसाल आपण चंद्राची गाणी म्हणतो, यंदा कुणीतरी चंद्रावर चार शब्द बोला." एवढे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. वाचनालयातली पुस्तके घरी नेणारी म्हणून माझे नाव उगाच झाले आहे, त्याचे हे फळ. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हायस्कूल गावापासून दोन कोसांवर होते, भाऊ तिथे गेला, मी गेले नाही. शिवणयंत्राची टीप सरळ घालता येते, पण भाषणाची येईल की नाही याची शंकाच आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. दूध निवायच्या आत मी आटोपते घेईन.

सातवीत असताना गुरुजींच्या कपाटात एक पुस्तक सापडले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची चंद्रप्रवासाची गोष्ट, मराठीत उतरवलेली. पुढची पाने गळालेली होती, तरी मी ते दोनदा वाचले. व्हर्नने ही गोष्ट १८६५ साली लिहिली आणि १८७० साली तिचा पुढचा भाग आला. आपल्याकडे १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकात तिचे मराठी रूप छापून येत होते, म्हणजे आपल्या पणज्यांच्या काळीही ही गोष्ट मराठी घरांतून वाचली जात असणार. वाचणारे बहुधा पणजोबाच असतील, ते सोडून द्या.

गोष्ट अशी. अमेरिकेतले काही लोक जमिनीत नऊशे फूट लांबीची तोफ ओततात. तिच्यात एक पोकळ गोळा ठेवतात, गोळ्यात तीन पुरुष, दोन कुत्री आणि काही कोंबड्या बसवून बार उडवतात. गोळा चंद्राला वळसा घालतो आणि परत येऊन पॅसिफिक महासागरात पडतो. तिथे अमेरिकेच्या आरमारी जहाजाचे लोक त्यांना उचलून घेतात.

आता नवल ऐका. १९६८ सालच्या डिसेंबरात अपोलो ८ हे यान खरोखर चंद्राकडे गेले. माणसे तीनच. निघाले फ्लोरिडातून, आणि व्हर्ननेही आपली तोफ फ्लोरिडातच पुरली होती. त्यांनीही चंद्राभोवती फेऱ्या घातल्या, खाली उतरले नाहीत, आणि परत येऊन पॅसिफिकमध्येच पडले. उचलायला आरमाराचे जहाजच होते. पुढल्या वर्षी, २० जुलै १९६९ ला, अपोलो ११ ची माणसे चंद्रावर उतरली. त्यांच्या मुख्य यानाचे नाव कोलंबिया आणि व्हर्नच्या तोफेचे नाव कोलंबियाड! एखाद्या ज्योतिषाला इतके जमले असते तर आपण त्याच्या दारात रांग लावली असती.

तोफेचे मात्र त्याचे चुकले. तोफेच्या धक्क्याने आतली माणसे जागच्या जागी चिरडून गेली असती. त्याने खाली पाण्याची गादी करून दिली आहे, पण ती काय पुरणार! खरे यान हळूहळू वेग घेत वर जाते. पण ही चूक विद्वानांनी पुष्कळदा सांगितली आहे. मला आज दुसरीच एक सांगायची आहे. ती या वयात पुन्हा वाचताना, शिवणकाम करणारी बाई म्हणून माझ्या डोळ्यांना दिसली.

व्हर्नच्या गोष्टीत एक कुत्रा धक्क्याने मरतो. मग ते तिघे काय करतात? गोळ्याची खिडकी झटकन उघडतात, त्याला बाहेर टाकतात आणि झटकन लावून घेतात. थोडीशी हवा गेली असेल, एवढेच. जणू आपण पावसात खिडकी उघडून ताटातले खरकटे भिरकावले! आणि अंगावर कपडे कोणते, तर घरातलेच. पुढे १९०१ साली वेल्स नावाच्या इंग्रज लेखकाने दोघांना चंद्रावर उतरवले. त्याच्या चंद्रावर दिवसा श्वास घेता येईल इतकी हवा आहे, त्यामुळे तेही साध्या कपड्यांतच तिथे उड्या मारीत हिंडतात. यान कसले, ते कशाने उडते, चंद्राच्या पोटात राहणारी माणसे कशी, यावर पानेच्या पाने आहेत. अंगावर घालायचे काय, या प्रश्नाकडे दोघांनीही फारसे लक्ष दिले नाही. आपल्या घरातले पुरुष प्रवासाला निघतात तेव्हा गाडीची वेळ, तिकीट, नकाशा सगळे बघतात, आणि पिशवीत कपडे भरायचे काम मात्र आपोआप झालेले असते. तसेच काहीसे हे झाले.

नंतरच्या काही लेखकांनी पोशाख दिले, नाही असे नाही. पण तेही कसे, तर अंगात अडकवला की झाले.

प्रत्यक्षात काय घडले? १८ मार्च १९६५ ला अलेक्सी लिओनोव्ह हा रशियन माणूस जगात प्रथम यानाबाहेर अवकाशात आला. बारा मिनिटे तो बाहेर तरंगला. बाहेर हवा नाही, त्यामुळे आतल्या हवेने त्याचा पोशाख फुग्यासारखा फुगला. हातमोज्यांच्या टोकांतून बोटे मागे सरकली आणि परत यानाच्या दारातून आत शिरता येईना. शेवटी पोशाखातली हवा थोडी थोडी सोडून, जिवावर उदार होऊन, तो कसाबसा आत आला. ब्लाऊज अंगात शिरेना म्हणून आपण मुंढ्याची माया सोडतो, इथे त्याने जीव टांगणीला लावून हवा सोडली.

त्याहून वाईट घडले ते ३० जून १९७१ ला. सोयुझ ११ या यानातून दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह हे तिघे अवकाशस्थानकावर तीन आठवड्यांहून जास्त राहून परत येत होते. यानात तिघांना पोशाखासकट बसायला जागा नव्हती, म्हणून ते पोशाखाविनाच बसले होते. यानाचे भाग सुटे होताना हवेची एक झडप अवेळी उघडली आणि आतली हवा निघून गेली. यान ठरल्याप्रमाणे छत्रीने अलगद जमिनीवर उतरले. लोकांनी धावत जाऊन दार उघडले तर तिघेही आपापल्या जागी निष्प्राण होते. यानंतर रशियाने नियम केला की जाताना आणि उतरताना पोशाख अंगावर हवाच. त्यासाठी कित्येक वर्षे तिघांऐवजी दोघांनाच बसवले.

व्हर्नची ती खिडकी आणि ही झडप. माझ्या मुलीने हे मला इंग्रजीतून वाचून दाखवले, त्या रात्री मला झोप आली नाही.

आता अपोलोच्या पोशाखाकडे येते, कारण तो शिवला कोणी हे ऐकल्यावर तुम्हालाही माझ्यासारखेच वाटेल. अमेरिकेत डोव्हर गावी एक कंपनी होती. प्लेटेक्स या नावाने ती बायकांची अंतर्वस्त्रे बनवीत असे. मोठमोठ्या यंत्रवाल्या कंपन्यांशी स्पर्धा झाली आणि १९६५ साली चंद्रावरचा पोशाख करण्याचे काम या कंपनीला मिळाले. कारण तिचा पोशाख मऊ होता, त्यात वाकता येत होते, हात हलवता येत होते. शरीराला घट्ट बसूनही हालचाल अडवू नये असे कापड कसे बेतावे, हे त्या कारखान्याला ठाऊक होते. आपल्यापैकी जिने एकदा तरी ब्लाऊज बेतला आहे तिला याचे मर्म सांगायला नको.

आणि ते शिवले शिवणकाम करणाऱ्या बायकांनी. साध्या शिवणयंत्रांवर बसून. एकवीस थर! आत अंगालगत बारीक नळ्या ओवलेला कपडा, त्या नळ्यांतून गार पाणी फिरते. मग हवा कोंडून धरणारा रबराचा थर, मग चमकदार पातळ पापुद्र्यांचे थर आणि सर्वांत वर काचेच्या धाग्यांचे विणलेले कापड. जानेवारी १९६७ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत यानात आग लागून तीन माणसे गेली, त्यानंतर न जळणारे असे हे काचेचे कापड वर आले. प्रत्येक माणसाच्या मापाचा पोशाख वेगळा, आणि एकेकाला तीन तीन: एक सरावाचा, एक खरा, एक राखीव.

टाक्याची शिस्त अशी, की शिवण एका इंचाच्या चौसष्टाव्या भागाइतकीसुद्धा हलता कामा नये. आपण सुताने मोजणाऱ्या. इंचाची आठ सुते. तर एका सुताचेही आठ भाग करा आणि त्यातल्या एका भागाची चूक चालणार नाही. मी घरी जाऊन टेप काढून पाहिली, तेवढी रेघच तीवर नाही.

टाचण्यांचीही अशीच गोष्ट. थरांत एखादी टाचणी राहून गेली तर आतला रबराचा थर भोसकला जायचा आणि चंद्रावर माणूस मरायचा. म्हणून टाचण्यांवर कडक बंधन आले, आणि शिवलेल्या पोशाखाची क्ष-किरणांनी तपासणी होऊ लागली.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चार वर्षांपूर्वी एका लग्नाचे ब्लाऊज माझ्याकडे होते. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून पुरे केले. नवरीच्या ब्लाऊजच्या अस्तरात एक टाचणी राहिली. अक्षता पडत असताना तिने हात उचलला आणि ती टाचणी काखेत घुसली. शालूला रक्ताचा डाग पडला. तिची आई मांडवात सर्वांदेखत मला बोलली. बोलायचाच त्यांचा हक्क होता. पण त्यात एक वाक्य असे होते, "दोन टाके घालायचे काम, त्यातही लक्ष नाही." त्या हंगामात माझ्याकडे फारसे काम आले नाही. टाचणीचा दोष माझाच, तो मी नाकारीत नाही. "दोन टाके" मात्र मनातून जात नव्हते. घरीही तेच चालते. माझ्या मुलीला एका ठिकाणी विचारले, आई काय करते? ती म्हणाली, "काही नाही, घरीच असते." त्या वेळी माझ्या मांडीवर चार शाळांचे गणवेश होते!

म्हणून नील आर्मस्ट्राँग त्या दिवशी अडीच तास चंद्रावर चालला तेव्हा त्याच्या आणि मरणाच्या मध्ये त्या बायकांची शिवण होती, हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. मुलीने विचारले, "आई, रडतेस काय?" मी म्हटले, "कांदा चिरला होता." कांदा काही चिरला नव्हता.

आता बायकांचेच निघाले म्हणून सांगते. व्हर्नच्या गोळ्यात बाई नाही, वेल्सच्या गोलात नाही. प्रत्यक्षात १६ जून १९६३ ला व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अवकाशात गेली आणि एकटीने पृथ्वीला अठ्ठेचाळीस प्रदक्षिणा घातल्या. ती पूर्वी कापडगिरणीत कामाला होती, ही गोष्ट मला फार आवडली. तिच्या सामानात दात घासायची पेस्ट दिली होती, पण ब्रश द्यायला विसरले होते. यान विसरले नाहीत, ब्रश विसरले! तिच्यानंतर दुसरी बाई अवकाशात जायला एकोणीस वर्षे लागली. १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर उतरलेले बारा जण सगळे पुरुषच.

कपड्याचा प्रश्न तेवढ्यावर संपला असे समजू नका. २०१९ च्या मार्चमध्ये दोन बायकांनी मिळून अवकाशस्थानकाबाहेर काम करायचे ठरले होते. ऐन वेळी लक्षात आले की दोघींनाही मधल्या मापाचा पोशाख लागतो आणि वापरायला तयार असा एकच आहे. मग एकीच्या जागी पुरुष गेला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला क्रिस्टिना कोक आणि जेसिका मीर या दोघी मिळून बाहेर पडल्या. चंद्रावर माणूस उतरून पन्नास वर्षे झाली, तरी पोशाख मापाचा नाही म्हणून बाईला घरात थांबावे लागले. हे वाचून मला हसू आले आणि रागही आला.

खाण्याचे मात्र आपल्या माणसांनी नीट पाहिले. २०२५ च्या जूनमध्ये आपला शुभांशु शुक्ला अवकाशस्थानकावर गेला तेव्हा बरोबर गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता. तिथे त्याने मेथी आणि मूग रुजवूनही पाहिले.

मुलीला मी आता सांगून ठेवले आहे, पुन्हा कोणी विचारले तर "आई शिवणकाम करते" असे सांगायचे. तिने मान डोलावली. ती सांगेल की नाही, बघू.

मी स्वतःही एक नियम केला आहे. डबीत मोजून चाळीस टाचण्या ठेवल्या आहेत. काम उरकले की रात्री मोजते, आणि चाळीस भरल्याशिवाय कपडा देत नाही. परवा एकोणचाळीसच भरल्या. अकरा वाजेपर्यंत एका पोरीच्या परकराचे अस्तर उसवून पाहिले, जमिनीवर लोहचुंबक फिरवले. शेवटी पाहते तो सासूबाईंनी ती पदराला लावली होती!

दूध निवले असेल.