आपोआप ओसरणारा कर्करोग

मूत्रपिंडाचा कर्करोग एकदा फुप्फुसांत पसरला की वैद्याच्या हाती फारसे काही उरत नसे, असा एक काळ होता. तथापि क्वचित असेही घडे की, रोगट मूत्रपिंड काढून टाकल्यानंतर फुप्फुसांतील गाठी अन्य कोणत्याही उपचाराविना विरून जात. एव्हरसन व कोल या अमेरिकन शल्यविशारदांनी १९६६ साली सर्व प्रकारच्या कर्करोगांतील अशी १७६ उदाहरणे ग्रंथरूपाने एकत्रित केली. त्यांपैकी ३१ मूत्रपिंडाच्या कर्करोगाची होती.

हा दैवी चमत्कार नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणा कर्कपेशींना परक्या म्हणून ओळखून त्यांचा नाश करीत असावी, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका चाचणीत इंटरफेरॉन-गॅमा हे औषध घेणाऱ्या ४.४ टक्के रोग्यांच्या गाठी आकसल्या वा नाहीशा झाल्या. आणि ज्यांना औषध म्हणून निव्वळ निरुपद्रवी द्रव टोचला होता, त्यांच्यात हे प्रमाण ६.६ टक्के भरले! तुलनेसाठी हा दुसरा गट नसता, तर निसर्गाच्या कार्याचे श्रेय औषधाने घेतले असते.

अंगारे-धुपारे देणारे नेमके हेच श्रेय लाटतात, आणि त्यांच्या नादाने रोगी मोलाचा वेळ दवडतो. अशी माघार अत्यंत दुर्मीळ असते. तिची वाट पाहत बसणे म्हणजे उपचारांना मुकणे होय. प्रतिकारयंत्रणेवरील बंधने दूर करणारी निवोलुमॅबसारखी औषधे २०१५ पासून या रोगावर वापरात आली आहेत. निसर्ग जे क्वचित करतो, ते अनेकांसाठी घडवून आणणे, हेच शास्त्राचे ध्येय होय.