पोराच्या शाळेचा पहारा
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात थेरगाव येथे केलेले भाषण)



 मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनाला उभा राहतो तो संतांच्या जिवावर. मला दिंडीच्या शंभर वर्षांवर बोलायला सांगितलं. पण आपल्या आजा-पणजांनी काय केलं ते सांगणारे जाणते लोक इथं बसलेत. मी एका पोराची गोष्ट सांगतो, आणि त्यात माझी चूक पण सांगतो.

संत कूर्मदासांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पैठणचा भक्त, हातापायांनी अधू, पण पंढरीची ओढ. सरपटत, लोळत निघाला तो लऊळपर्यंत आला. माढा तालुक्यात, कुर्डुवाडीजवळ. पुढं जाववेना. एकादशी तोंडावर आलेली. वारकऱ्यांजवळ देवाला निरोप धाडला, आणि पांडुरंग स्वतः उठून लऊळला आला अशी कथा आहे. आजही तिथं कूर्मदासांची समाधी आहे. ही कथा सांगून मी किती गावांत माणसं रडवली. मी पण रडलो. आणि त्याच वेळी माझ्याच चाळीत एक कूर्मदास बसला होता, तो काय मला दिसला नाही.

आपलं थेरगाव आता शेताचं राहिलं नाही. पवनामाईच्या काठची रानं गेली, चाळी आल्या, इमारती आल्या. आम्ही पण राहिलेल्या तुकड्यावर आठ खोल्या काढल्या. त्यात मराठवाड्यातलं एक कुटुंब वरच्या मजल्यावर राहायला आलं. बाप चाकणला कंपनीत कंत्राटी, कधी दिवसपाळी कधी रातपाळी. आई सकाळी सहाला धुण्याभांड्याला जायची. पोरगं नऊ वर्षांचं. नाव सांगत नाही, आईची तशी इच्छा आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळं पाय ताठ, हात वाकडे, बोलणं सावकाश. डोकं मात्र लख्ख. पोलिओ गेला, २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, म्हणून लोकांना वाटतं अशी पोरं आता राहिली नाहीत. तसं नाही माउली. घराघरांत आहेत, दाराआड आहेत.

संध्याकाळी देवळात हरिपाठ चालायचा. आई त्याला कडेवर आणून ओट्यावर बसवायची. ऐकून ऐकून त्याचा हरिपाठ पाठ झाला. मी एकदा विचारलं, "बाळा, कितवीला रे तू?" तो म्हणला, "आई नेईल तेव्हा तिसरीला." सगळे हसले. मी पण हसलो. नंतर कळलं, नाव पटावर होतं, पोरगं घरात होतं. लहान होता तोवर आईनं उचलून नेला. पोर वाढलं, आईची कंबर गेली, शाळा सुटली.

मग आम्ही दिंडीतल्या लोकांनी वर्गणी काढली आणि चाकाची खुर्ची आणली. सप्ताहाच्या काल्याला सगळ्यांसमोर दिली. नारळ दिला, फोटो काढले. मला फार समाधान वाटलं.

दोन महिन्यांनी बघतो तर खुर्ची जिन्याखाली, आणि तिच्यावर कुणीतरी कांदे वाळत घातलेले. मला राग आला. त्या माउलीला म्हणलं, "पोरी, लोकांच्या पैशाची काही किंमत हाय का नाय?"

ती शांतपणे म्हणली, "बुवा, खुर्ची खाली, पोरगं वर. मी सहाला जाते. त्याला जिन्यावरून उतरवणार कोण? शाळेत नेणार कोण? तिथं मुतारीला दोन पायऱ्या. म्हणून तो सकाळपासून पाणीच प्यायचा नाही. खुर्ची दिलीत, उपकार झाले. पण खुर्ची काय एकटी शाळेत जात नाही."

माउली, त्या रात्री मला झोप लागली नाही. वरची खोली माझी होती. खालची खोली पण माझीच होती. खाली चार पोरं राहत होती, ती भाडं जास्त देत होती, म्हणून ती खाली आणि हे लेकरू वर. कूर्मदासासाठी देव पंढरी सोडून आला, आणि माझ्याच्यानं एक जिना सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या म्हाताऱ्या विणेकऱ्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अरे, सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही, ती काय एका माणसाच्या ताकदीवर? पहारे असतात. तसा पोराचा पहारा लाव." मग तक्ता केला. आठवड्याचे सहा दिवस, सहा घरं. ज्याचा वार त्यानं पोराला तयार करायचं, रिक्षापर्यंत न्यायचं, शाळेत वर्गात बसवायचं, सुटल्यावर आणायचं. रिक्षावाला आपलाच माळकरी, तो नुसते गॅसचे पैसे घेतो. ते माझ्या बिदागीतून जातात. खालच्या खोलीची अदलाबदल केली, भाडं आधीचंच ठेवलं. मुख्याध्यापकांना भेटलो, ते चांगले होते. दिंडीतल्या एका गवंड्यानं एका रविवारात मुतारीला उतार करून दिला. सिमेंट किती लागलं? दोन गोण्या. दोन गोण्यांसाठी पोरगं तहानलेलं राहत होतं.

आमच्या चुका पुढं पण झाल्या. पायाला कॅलिपर बसवले आणि वाटलं, झालं काम. पोर वाढतं तसे ते अपुरे पडतात, पायाला घट्टे पडतात, पुन्हा माप घ्यावं लागतं. म्हणून आता दरसाल त्यासाठी पैसे बाजूला ठेवतो.

नातीनं मला नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचून दाखवलं. ऐन तरुणपणी कमरेखालचं अंग गेलं. तरी त्या बाईंनी नोकरी केली, आणि १९८४ साली सोबत्यांना घेऊन कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. खेड्यातल्या अपंग पोरांना राहायला वसतिगृह केलं, आणि अपंग आणि धडधाकट मुलं एकत्र शिकतील अशी शाळा काढली. ज्यांना स्वतःला उठता येत नाही त्यांनी शेकडो पोरं उठवली. आपण तर पंढरीपर्यंत चालणारी माणसं.

आता चार कामाच्या गोष्टी, गावी जाऊन सांगा. २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा खास शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. त्यासाठी सरकारी दवाखान्यातून दाखला आणि दिव्यांगाचं ओळखपत्र काढावं लागतं. समग्र शिक्षा योजनेत ये-जा करायचा आणि मदतनिसाचा भत्ता आहे, शाळेत विचारा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के पैसा दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो, ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. हे हक्काचं आहे, भीक नाही. पण कागद काढायला आईबापाचा रोज बुडतो. तेव्हा त्यांच्याबरोबर एक दिवस जाणं हे पण दानच आहे.

तो पोरगा आता नववीत आहे. मार्क बेताचे, गणितात बरा. चमत्कार काही झाला नाही, पाय ताठच आहेत. रोज शाळेत जातो एवढंच. आणि मागच्या वर्षी आईनं पहाऱ्याचा तक्ता बघून मला म्हणलं, "बुवा, रविवार मोकळा आहे, त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं पोर असेल तर माझं नाव लिहा."

दिंडीत कुणाच्या पायाला फोड आला तर आपण त्याचं ओझं घेतो, त्याला मागं सोडून जात नाही. शाळा पण वारीच आहे. येत्या एकादशीला फराळाच्या आधी आपल्या आळीत एक चक्कर मारा. कुणाचं नाव पटावर आणि पोर घरात, ते बघा. सापडलं तर नारळ नेऊ नका. वही न्या, आणि पहिल्या वारापुढं स्वतःचं नाव लिहा.