बावन्नाव्या वर्षी पुन्हा स्की: मामाचा गुडघा आणि फॉर्मवरचं वय

इअरफोन नीट बसवा, कारण आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, "जालन्यात बसून स्कीइंग? उन्हाळ्यात इथे पाण्याच्या टँकरमागे पळतो आपण, बर्फ कुठून आणू?" बरोबर आहे. पण माझ्या मामाने स्कीइंग केलंय, तेही १९९४ साली.

मामा आमचा जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये. आयुष्य सळयांमध्ये गेलं. पण कॉलेजात असताना तो मनालीच्या सरकारी गिर्यारोहण संस्थेत स्कीइंगचा बेसिक कोर्स करून आला होता. सोलंगच्या उतारावरचा एक पिवळा पडलेला फोटो अजून कपाटात आहे. मग नोकरी, लग्न, दोन मुलींची शिक्षणं. तीस वर्षं स्कीला हात नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. २०२४ च्या फेब्रुवारीत म्हटलं, "मामा, चला गुलमर्गला." मामा लगेच तयार. आणि तिथेच आमची पहिली चूक झाली.

तीस वर्षांत स्की बदलली

मामाच्या काळात स्की सरळसोट असायची. लांबीचा नियम सोपा: हात वर करा, मनगटापर्यंत यायला हवी. म्हणजे दोन मीटरच्या आसपास. भाड्याच्या दुकानात मामाने मागितलीही तेवढीच. पोरगा हसला.

झालं काय, की १९९० च्या दशकात मधे बारीक आणि टोकांना रुंद अशी स्की आली. ती नुसती कडेवर कलवली की आपोआप वळते, त्यामुळे एवढ्या लांबीची गरज उरली नाही. आता साधारण हनुवटी ते कपाळ, एवढी लांबी बघतात. परत सुरुवात करणाऱ्याने हनुवटी-नाकाच्या बाजूला राहिलेलं बरं.

'ऑल-माउंटन' म्हणजे सगळीकडे चालेल अशी स्की. तिच्यात मुख्य आकडा कंबरेचा, म्हणजे बुटाखालच्या रुंदीचा. रुंद स्की ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगते, पण दाबलेल्या कडक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ घेते, आणि तो ताण गुडघ्यावर येतो. गुलमर्गला गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवाटवर ३,९०० मीटरच्या वर नेतो. तिथे खोल बर्फ असतो, पण आपल्यासारख्यांचं काम खालच्या उतारांवर. म्हणून ८० ते ९० मिलिमीटर पुरे. शंभरच्या वरची स्की व्हिडिओत भारी दिसते, तेवढंच.

पैसे कुठे घालायचे? बुटात

वर्षातून आठ दिवस जाणार असाल तर स्की भाड्याने घ्या. स्वतःचं काही घ्यायचंच असेल तर बूट. पाय जे सांगतो ते स्कीपर्यंत बूटच पोचवतो.

स्की-बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. पाऊल साडेसव्वीस सेंटिमीटर, तर बूट २६.५. आपली सवय काय, एक नंबर मोठा घ्यायचा, 'सैल बरा'. इथे ते चालत नाही. आतलं अस्तर काढा, पाय नुसत्या कवचात घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी. जास्त असेल तर बूट मोठा. मग अस्तर घालून बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं हलकी टेकतात, गुडघे वाकवले की मागे सरकतात. मोजा एकच, पातळ. दोन मोजे घातले की पाय घसरतो आणि थंडही पडतो. पंजा रुंद असेल तर कवचाची रुंदी वेगळी विचारा.

दुसरा आकडा फ्लेक्स, म्हणजे बूट किती कडक. प्रत्येक कंपनीचा शंभर वेगळा, त्यामुळे पायात घालूनच बघा. तरुणपणी घेतलेला कडक बूट पन्नाशीत पोटरीला नडतो.

आता खरी गोष्ट

बूट स्कीला धरून ठेवतं ते बाइंडिंग. पडल्यावर ठरावीक जोर आला की ते सुटायला हवं. किती जोराला सुटावं, हे तक्त्यावरून ठरतं: वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, तुम्ही जपून चालवता की जोरात, आणि वय. पन्नास पूर्ण झाली की तक्त्यात एक पायरी खाली, म्हणजे बाइंडिंग लवकर सुटेल असं लावायचं.

मामाने फॉर्मवर ५२ च्या ठिकाणी ४५ लिहिलं. वर 'जोरात चालवतो' वर टिक. मी शेजारी उभा होतो. मला वाटलं, हौस आहे, असू दे. हसलो सुद्धा.

तिसऱ्या दिवशी मामा अगदी हळू जात होता. तोल मागे गेला, पाय पिळला, स्की सुटली नाही. गुडघ्याचं लिगामेंट अर्धवट फाटलं. सहा महिने फिजिओथेरपी. मामी माझ्याशी महिनाभर नीट बोलली नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. बाइंडिंग मुळात पायाचं हाड वाचवायला बनलंय. सेटिंग अचूक असतं तरी गुडघा वाचलाच असता, असं छातीठोक कुणी सांगणार नाही. पण जी एक गोष्ट आमच्या हातात होती, ती आम्ही बिघडवली. मी दिवसभर दुसऱ्यांच्या फॉर्ममधला चुकीचा इनपुट अडवायचा कोड लिहितो, आणि डोळ्यांसमोरचा अडवला नाही.

परत गेलो

या फेब्रुवारीत परत गेलो. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. आधी तीन महिने मामाने सायकल आणि जिन्याचा व्यायाम केला. दुकानात स्कीची कड नखावर घासून बघितली आणि म्हणाला, "धार गेलीय रे, दुसरी दे." सळयांमधला माणूस, लोखंड त्याला कळतं. बुटाचा तळ आणि बाइंडिंग एकमेकांना जुळतात का, तेही विचारलं, कारण तळ आता वेगवेगळ्या प्रकारचे येतात. हेल्मेट घेतलं.

मग फॉर्म आला. मामाने पेन हातात धरलं, माझ्याकडे बघितलं.

"काय बघतोस? लिहितोय खरं."

५३ लिहिलं. 'जपून चालवतो' वर टिक.

त्या दिवशी तो चार वेळा पडला. दोनदा स्की सुटून बाजूला गेली, मामा बर्फात बसून हसत होता. मी व्हिडिओ काढून मामीला पाठवला. तिचा एवढाच मेसेज आला: "गुडघा?"

मी लिहिलं, "ठीक आहे."

तुमच्या घरातही कुणी जुनी सायकल, जुने ट्रेकिंगचे बूट, जुनी बॅट परत काढत असेल, तर सोबत दुकानात जा, आणि वय विचारलं की शेजारी उभं राहून नुसतं हसू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!