'क्यू'ची सोंगटी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



इंग्रजीविषयी बोलायचे म्हटले की आपली मुले खाली पाहू लागतात. घरात दखनी किंवा कोकणी बोली, शाळेत मराठी नाहीतर उर्दू, आणि इंग्रजी फक्त पुस्तकात. म्हणून आज व्याकरण बाजूला ठेवून एका खेळाविषयी बोलणार आहे.

'स्क्रॅबल' हा खेळ अमेरिकेतील अल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पज्ञाने काढला. 1930 नंतरच्या मंदीत काम गेले, तेव्हा वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून त्यांनी प्रत्येक अक्षराचे गुण ठरविले. 'स्क्रॅबल' हे नाव 1948 सालचे. सोंगट्या 100. त्यांत 'ई' 12, गुण एकेक. 'क्यू' मात्र एकच, आणि तिचे गुण 10.

ही 'क्यू' हाती आली की खेळाडूच्या कपाळाला आठ्या पडतात. इंग्रजीत तिच्यामागे बहुधा 'यू' लागतो, आणि 'यू'च्या सोंगट्या चारच. 'क्यू' शेवटपर्यंत हातात राहिली तर गुण वजा होतात. म्हणून जाणते खेळाडू 'यू'वाचून चालणारे शब्द पाठ करतात. लंडनचा खेळाडू जे शब्द घोकून घोकून पाठ करतो, ते कोणते? फकीर, बुरखा, निकाब, तलाक, किब्ला, वक्फ! कॉलिन्सच्या यादीत 'मुकद्दम'सुद्धा आहे. आपल्या ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम तो हाच.

याचे कारण लिपीत आहे. फिनिशियन लोकांच्या 'कोफ' या अक्षरापासून एका वाटेने रोमन 'क्यू' आला, दुसऱ्या वाटेने अरबीतला गळ्यातून उच्चारायचा 'क़ाफ'. दोघे भाऊच. मराठीने मात्र या 'क़ाफ'ला साध्या 'क'मध्ये सामावून घेतले. कलम, कंदील, कायदा, हक्क, तालुका हे सारे शब्द मुळात 'क़ाफ'चे. आपल्या मदरशात बसलेल्या मुलाला हा फरक जिभेवर ठाऊक असतो. तो इंग्रजी स्पेलिंगच्या कामी येतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

कव्वालीचेच पाहा. इंग्रजीत तिची अक्षरे सात: क्यू, ए, डब्ल्यू, डब्ल्यू, ए, एल, आय. खेळाडूपुढे सोंगट्याही सातच असतात. साऱ्या एकदम लावल्या तर 50 गुण वरकड. शब्दाचे 22 आणि हे 50 मिळून 72 झाले. पटावरच्या रंगीत घरांचा लाभ वेगळा. (उरूस संपला की कव्वालीला विचारतो कोण, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ऐकावा.)

पण एक गोष्ट मला खटकते. 2015 साली न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच भाषा बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले. स्मरणशक्तीला सलाम! तथापि आपल्या मुलांनी शब्द असे कोरडे पाठ करू नयेत. 'कनात' हा शब्द घ्या. आपल्याला कनात म्हणजे मांडवाचा पडदा वाटेल. इंग्रजी कोशातली 'कनात' वेगळी: डोंगराच्या पोटातील पाणी उताराने गावात आणणारा इराणी धर्तीचा भुयारी कालवा. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहरात, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत व आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली ती याच विद्येने. हे कळले की पाच अक्षरांचा शब्द विसरू म्हटले तरी विसरत नाही. आणि 'वक्फ'चा अर्थ, एकदा अल्लाहच्या नावे दिली की विकता न येणारी मालमत्ता, हा तर इथल्या पालकांनीच मुलांना सांगावा.

आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, हे आपले शब्द इंग्रजीत चालतात, मग मी वर्गात बोलले की सगळे हसतात का?" मी तिला उत्तर दिले नाही. पट तिच्यापुढे ठेवला.

तो पट आता शाळेच्या ग्रंथालयात आहे. शुक्रवारी नमाजनंतर दार उघडे असते. सोबत कोरी वही ठेवली आहे; नवा शब्द लावणाऱ्याने त्याचा अर्थ आपल्या हाताने तीत लिहावयाचा आहे. पहिल्या पानावर त्या मुलीचे अक्षर आहे.