ऐट आणि ऐपत

ऐट आणि ऐपत हे दोन शब्द शेजारी ठेवले की कानाला ते सख्खे भाऊ वाटतात. व्यवहारातही लोक त्यांचे नाते गृहीतच धरतात. ज्याची ऐपत त्याची ऐट. ज्याचे पाकीट महिन्याच्या वीस तारखेलाच हलके होते, त्याने स्वच्छ राहावे, फार तर नीटनेटके राहावे. रुबाबदार दिसण्याची हौस त्याने धरू नये, असा जणू एक अलिखित दंडकच आहे. हा दंडक घालून देणारांच्या घरी बहुधा कपड्यांनी भरलेली दोन कपाटे असतात, ही गोष्ट वेगळी. साधेपणातच सौंदर्य असते, हा उपदेश करण्यासाठीही आधी थोडी ऐपत लागते!

परंतु ऐट ही पूर्णपणे पैशाची दासी नाही, हे दाखवून देणारे एक शहर दक्षिणेत आहे. बेंगळूरु हे त्याचे आजचे नाव. मराठी माणूस अजूनही सवयीने त्याला बंगलोर म्हणतो. १६३८ नंतर ही शहाजीराजांची जहागीर झाली, आणि मराठी बोलणारी घरे या शहरात आजही आहेत. चुलीपाशी मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असा त्यांचा दिनक्रम.

अशाच एका घरात १२ डिसेंबर १९५० रोजी शिवाजीराव गायकवाड यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात शिपाई. आईचे छत्र लहानपणीच हरपले. पडेल ते काम करीत शिवाजीराव पुढे बंगलोर ट्रान्सपोर्ट सर्व्हिसच्या बसवर कंडक्टर झाले. कंडक्टरचा वेष तो काय! खाकी शर्ट, खाकी विजार, खांद्याला चामड्याची पिशवी आणि हातात तिकिटांचा गठ्ठा. शहरातल्या प्रत्येक कंडक्टरच्या अंगावर हेच असे. तरीही त्यांची तिकीट फाडून देण्याची लकब, सुटे पैसे परत करण्याची चपळाई आणि कपाळावरचे केस मागे सारण्याची ढब काही निराळीच होती, असे त्या काळच्या आठवणी सांगणारे सांगतात. १९७३ मध्ये त्यांनी मद्रासच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतला. त्यांच्याच बसचे चालक राज बहादूर या मित्राने त्या दिवसांत पैशाची मदत केली. १९७५ साली के. बालचंदर यांच्या 'अपूर्व रागंगळ' या चित्रपटात ते पहिल्यांदा पडद्यावर दिसले, आणि रजनीकांत हे नाव दक्षिणेत घरोघरी पोहोचले.

या कथेतले यशाचे प्रकरण सर्वांना पाठ आहे. लक्ष द्यायला हवे ते त्या खाकी वेषाकडे. सरकारी कापड, सरकारी रंग, ठरलेला पगार. यांतले काहीच त्यांच्या हाती नव्हते. हाती होती फक्त चाल, मान आणि हाताची हालचाल, आणि ती त्यांनी घासूनपुसून लख्ख केली. पुढे पडद्यावर चष्मा फिरवून डोळ्यांवर चढवण्याची जी लकब लाखो तरुणांनी उचलली, तिलाही खर्च चष्म्यापुरताच. याच माणसाने प्रौढपणी सार्वजनिक समारंभांत टक्कल न झाकता, पिकलेली दाढी न रंगवता, पांढऱ्या लुंगीत वावरायला सुरुवात केली. दादासाहेब फाळके पुरस्काराचा मानकरी असा वावरतो, आणि तरीही सभागृहाची नजर त्याच्यावरच खिळते.

अर्थात प्रत्येकाला रजनीकांत व्हायचे नसते. सकाळी साडेआठची बस गाठून कचेरीत जाणाऱ्या कारकुनाला, शाळेत शिकवणाऱ्या बाईंना, दुकानात उभे राहून दिवस काढणाऱ्या मुलीला एवढेच हवे असते की, चारचौघांत आपण उठून दिसावे आणि महिनाअखेर उसनवारी करावी लागू नये. त्यांच्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे कपड्याचे माप. महागडे कापड अंगावर पिशवीसारखे लोंबत असेल तर त्याची किंमत कोणालाच दिसत नाही. साधे सुती कापड अंगाला नेमके बसले तर त्याची किंमत विचारण्याची कोणाला आठवण राहात नाही.

बेंगळूरुमध्ये परदेशी पाठवण्यासाठी तयार कपडे शिवणारे मोठमोठे कारखाने आहेत. मागणीपेक्षा जास्त शिवला गेलेला, किंवा एखाद्या किरकोळ दोषाने परत आलेला माल शहरातल्या दुकानांत बराच स्वस्त मिळतो. हा माल घेण्याचेही एक शास्त्र आहे. प्रथम खांद्याची शिवण पाहावी. ती खांद्याच्या हाडावर बसत नसेल तर कपडा कितीही आवडला तरी ठेवून द्यावा. कारण लांबी कमी करता येते, कडेच्या शिवणी आत घेता येतात, पण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून कपडा जवळजवळ नव्यानेच शिवावा लागतो. मग काजांचे धागे आणि काखेतली शिवण पाहावी. आतल्या बाजूला शिवणीत किती कापड सोडले आहे तेही चाचपावे. तेवढेच पुढे उसवून वाढवता येते. एवढे झाले की कोपऱ्यावर शिलाई यंत्र घेऊन बसलेल्या कारागिराकडे जावे. त्याला दिलेले थोडे पैसे कपड्याच्या किमतीपेक्षा जास्त गुणकारी ठरतात. ही शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि मग तयार कपड्यांना नावे ठेवतात.

हे कपडे शिवणाऱ्यांत फार मोठी संख्या स्त्रियांची आहे. खेड्यांतून आलेल्या, अल्प वेतनावर आठ-आठ तास यंत्रावर वाकणाऱ्या या बायका सकाळी कारखान्याच्या दारात शिरतात तेव्हा त्यांच्याकडे नीट पाहावे. धुतलेली, चापूनचोपून नेसलेली साडी किंवा व्यवस्थित पंजाबी पोशाख, तेल लावून घट्ट घातलेली वेणी आणि वेणीत फुले. दूरच्या देशांतल्या बायकांच्या ऐटीचे कपडे ज्या हातांनी शिवले जातात, त्या हातांनी स्वतःसाठी राखून ठेवलेली ऐट ही एवढी. तिला चैन म्हणणे अन्यायाचे होईल. दिवसभर मुकादमाच्या आवाजाखाली काम करायचे असते. आपण कोणी तरी आहोत, ही जाणीव ती सकाळची दहा मिनिटे देतात.

या बायका पैशाचा हिशेब विसरून नटतात, असा जर कोणाचा समज असेल तर त्याने एप्रिल १९१६ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेला एप्रिल आठवावा. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्र सरकारने २०१६ च्या आरंभी केला. मुलीचे लग्न, घरातले आजारपण, गावाकडचे कर्ज हे सारे ज्या पैशावर अवलंबून, तोच अडकून पडणार होता. एप्रिलमध्ये हजारो शिलाई कामगार स्त्रिया यंत्रे सोडून होसूर रस्त्यावर उतरल्या. शहराची वाहतूक थांबली, लाठीमारही झाला. आणि १९ एप्रिलला सरकारने तो नियम मागे घेतला. फुले माळणाऱ्या याच बायकांना आपल्या खात्यातला पैसा कोणाचा, हे चांगले ठाऊक होते.

१९१६ सालाचाही या विषयाशी संबंध आहे. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. म्हैसूर संस्थानचे चंदन युरोपला जाईनासे झाले आणि लाकडाचे ढीग पडून राहिले. कृष्णराज वाडियार चौथे हे तेव्हा महाराज होते आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण. चंदन परदेशी पाठवण्याऐवजी त्याचे तेल इथेच काढावे, असे ठरले. त्याचे प्रयोग बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत झाले. पाठोपाठ साबणाचा सरकारी कारखाना उभा राहिला. एस. जी. शास्त्री या रसायनज्ञाने त्या साबणाला त्याचा सुगंध मिळवून दिला. लंबगोल वडी, दागिन्याच्या डबीसारखी पेटी आणि वर शरभाचे चिन्ह! त्या काळी चंदनाचे अत्तर हे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले. ते एका वडीच्या रूपाने सामान्य माणसाच्या न्हाणीघरात आले. आज त्या कारखान्याच्या नावाचे मेट्रोचे एक स्थानकही शहरात आहे. काटकसरी गृहिणी ही वडी आणल्याबरोबर वापरायला काढत नाही. ती आधी साड्यांच्या घड्यांत काही आठवडे ठेवते. कपाटाला वास लागतो, आणि हवा लागून वडी कडक झाल्याने ती पाण्यात लवकर झिजत नाही. वडी संपली तरी वरचे वेष्टन पुन्हा कपाटातच जाते. एका साबणात तीन कामे!

म्हैसूरच्या रेशमाची गोष्ट मात्र तितकीशी स्वस्त नाही. जमशेटजी टाटांनी जपानी जाणकारांच्या साह्याने बंगलोरमध्ये रेशीमशेती सुरू केली आणि १९१२ साली म्हैसूरला स्वित्झर्लंडहून आणलेल्या मागांवर विणकाम सुरू झाले. त्या मऊ, अंगासरशी राहणाऱ्या रेशमाचे मराठी बायकांना फार वेड. आज अस्सल म्हैसूर सिल्कची साडी घ्यायची तर बेताच्या मिळकतीच्या घराला वर्षभर विचार करावा लागेल. पण अशा अनेक घरांत आईची किंवा सासूबाईंची एक तरी साडी पेटीत असते, आणि तिथेच ती विरून जाते. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले की घडीच्या रेषेवर ते तुटते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी साडी उलगडावी, सावलीत वारा द्यावा आणि घडी बदलावी. जुन्या, धुतलेल्या मलमलीत ती गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि जर काळी पडते. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. अत्तर नेसण्यापूर्वी अंगाला लावावे, जरीवर कधीच नाही. काठ उत्तम आणि अंग विरलेले असेल तर काठ काढून साध्या सुती साडीला लावता येतो. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण पोलक्यासाठी घेतला तर साधी साडीही एकदम घरंदाज दिसू लागते. हा खण महाराष्ट्राने ओटीत घालून घालून जुना मानला होता. आता शहरातल्या तरुण मुली तोच हौसेने शिवून घेतात.

शहराच्या हवेचाही यात वाटा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात मुंबईसारखा घाम येत नाही. कांजी केलेल्या सुती साडीची घडी संध्याकाळपर्यंत टिकते. मुंबईकरणीने हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. तिने कांजी सौम्य करावी, हे बरे.

पैसा खरोखर वाया जातो तो दुसरीकडे. गोरेपणाचे आमिष दाखवणारी मलमे या देशात १९७५ पासून गावोगाव पोहोचली. २०२० मध्ये त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध मलमाच्या नावातून गोरेपणाचा शब्द गेला. मनांतून तो गेला असे म्हणता येत नाही. औषधाच्या दुकानातून आपल्याच मनाने आणलेल्या काही मलमांत स्टेरॉइड असते. काही दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, आणि त्वचारोगतज्ज्ञाचे बिल साडीच्या किमतीला जाऊन भिडते. सावळ्या रंगावर कोणता रंग खुलतो, हे पाहायला मात्र आरशाखेरीज काही लागत नाही. मोरपिशी, गर्द जांभळा, हळदीचा पिवळा, विटकरी हे रंग सावळ्या कांतीवर जसे तेजाळतात तसे फिकट गुलाबी क्वचितच.

आणि मग फुले. ती नसती तर बेंगळूरुची ही हकीकत अपुरीच राहिली असती. १९२८ साली बांधलेल्या कृष्णराजेंद्र मार्केटात पहाट होण्यापूर्वी फुलांच्या राशी उतरतात आणि तिथून त्या बसवनगुडीच्या गांधी बाजारात, मल्लेश्वरमच्या गल्ल्यांत, देवळांच्या पायऱ्यांवर पसरतात. इथे गुंफलेली फुले तागडीवर तोलत नाहीत. फुलवाली माळ आपल्या हाताला लावून कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजते. या मापाला कन्नडमध्ये मोळ म्हणतात. गिऱ्हाईक जुने असेल तर बोट थोडे पुढे सरकते. जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी बसमधून राज्यातल्या स्त्रियांना मोफत प्रवास करता येऊ लागला, तेव्हापासून दूरच्या वस्तीतली बाईही भाड्याची चिंता न करता मार्केटापर्यंत येऊ शकते.

श्रावणात वरमहालक्ष्मीच्या आदल्या दिवशी मात्र हिशेब चुकतात. मोगऱ्याचा भाव ऐकून भल्याभल्या बायका दोन पावले मागे सरतात. अशा वेळी जाणती बाई मोगरा अर्धाच मोळ घेते आणि उरलेल्या पैशांत अबोली. अबोलीला वास नाही, पण ती कोमेजत नाही. मोगरा घमघमतो, पण रात्रीतून तांबूस पडतो. दोहोंच्या मध्ये मरव्याची एक काडी गुंफली की सण साजरा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोगरा काढून टाकायचा, अबोली आणि मरवा तसेच ठेवून त्यांवर पाण्याचा हात फिरवायचा, आणि तीच माळ पुन्हा वेणीत खोचून साडेआठची बस गाठायची.