पेटी कुणाच्या नावावर?

(माकणी, जि. धाराशिव येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



मधमाशीपालन म्हटले की पहिला प्रश्न येतो, "ताई, चावंल की!" चावेल. काटा कातडीत राहतो, तो चिमटीत दाबत न बसता नखाने लगेच खरवडून काढायचा. कुणाच्या अंगभर गांध्या उठल्या, दम लागला, तर मात्र सरळ दवाखाना गाठायचा. गजरा, वासाचे तेल लावून पेटीजवळ जायचे नाही, उग्र वासाने माशा बिथरतात. फिकट कपडे, खोचलेला पदर, तोंडावर जाळी आणि हाताशी थोडा धूर. एवढ्याने निम्मी भीती जाते.

आपल्या ओळखीचे आग्या मोहोळ पेटीत राहत नाही. ते उंच झाडाला, पाण्याच्या टाकीखाली, उघड्यावर एकच मोठे पोळे टांगते. पेटीत राहते ती सातेरी, कारण ती मुळातच ढोलीत, वारुळात, अंधारात एकाशेजारी एक अनेक पोळी बांधते. दुसरी परदेशातून आणलेली मेलिफेरा. ती मध जास्त देते, पण फुलोरा संपला की पेट्या उचलून दुसऱ्या मुलखात न्याव्या लागतात. टेम्पो, रात्रीचा प्रवास, परक्या शेतात मुक्काम. आपल्यापैकी किती जणींना घरचे हे करू देतील? म्हणून सुरुवात सातेरीच्या दोन पेट्यांनी करावी असे माझे मत आहे. दोन अशासाठी, की एकीची राणी मेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट तिला देता येते. त्यातून माशा नवी राणी घडवतात.

घडवतात हा शब्द मी मुद्दाम वापरला. राणीचे आणि कामकरीचे अंडे एकच असते. फरक खाण्याचा आणि घराचा. नराला मात्र काम नसते, टंचाईत कामकरी माशा त्याला बाहेर काढतात. (हसू नका! माशांवरून माणसांचे नियम काढायची खोड पुरुषांना आधीच पुष्कळ आहे. पोळ्याचा प्रमुख 'राजा' असतो असे युरोपात शतकानुशतके मानत होते. सतराव्या शतकात स्वामरडॅमने तो चिरून पाहिला, तेव्हा आत अंडाशय निघाले.)

पेटीत खाली पिल्लांचा कोठा, वर मधाचा. खालच्याला मधासाठी हात लावायचा नाही. पोळे पिळले की पिल्ले मरतात. चौकट मधयंत्रात फिरवली तर पोळे शाबूत राहते. पेटीला सकाळचे ऊन, दुपारची सावली हवी, आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या शिरतात. आठ-दहा दिवसांनी उघडून पाहायचे. मेणकिड्याची जाळी दिसली तर ते पोळे काढून टाकायचे.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. जवळच निम्न तेरणेचे धरण आहे, पण माशीला उथळ पाणी लागते, परातीत खडे टाकून ठेवलेले. फुले नसताना साखरेचा पाक द्यावा लागतो. बाभूळ, चिंच, कडुनिंब, शेवगा ही झाडे तोडू नका. तूर, करडई, सूर्यफूल फुलात असताना फवारणी टाळायची, अगदीच लागली तर संध्याकाळी. पण फवारणी कधी, हे घरात ठरवते कोण? तिथे आपल्याला बोलावे लागेल.

आता नावाचे. बचत गटाचे कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईने फेडायचा, आणि म्हैस आली की दुधाचे पैसे नवऱ्याच्या नावे जमा. हे आपण पाहिले आहे. मधपेटीला सातबारा लागत नाही. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाची, म्हणजे खादी ग्रामोद्योग मंडळाची योजना आहे. निम्मे अनुदान, निम्मा आपला वाटा, आधी प्रशिक्षण. वैयक्तिक मधपाळाला साक्षर असणे आणि 18 वर्षे पूर्ण असणे पुरते. केंद्रचालकासाठी एक एकर जमीन मागतात, तीही कुटुंबातील कुणाच्या नावावर किंवा भाड्याची चालते.

"बाईला पेटी उघडणे जमेल का," असे कुणी विचारले, तर त्याला 1993 च्या भूकंपानंतरची आठवण द्या. याच भागातल्या बाया तेव्हा संवाद सहायक झाल्या, सिमेंट-सळईचे प्रमाण शिकल्या आणि घरांची कामे तपासू लागल्या.

तेव्हा प्रशिक्षणाला स्वतः जायचे. अर्जावर स्वतःचे नाव, बँकेचे खाते स्वतःचे. ज्यांना लिहिता येते त्यांनी शेजारणीचा अर्ज भरून द्यावा, पण सही तिचीच घ्यावी. आता विचारा.